मदत हवी आहे : बेसाल्टमधील समस्थानिकांवरून बुडालेल्या समुद्रतळाचा माग कसा काढतात?

नमस्कार. मी अकोला जिल्ह्यातील पातूर तालुक्यात विज्ञान शिकवतो. शेजारच्या शेतात विहीर खणताना मुरूम संपून काळा दगड लागला, तेव्हा सुरुंगाने फुटलेला त्याचा एक तुकडा मी वर्गात नेला. भिंगातून त्यात फेल्स्पारच्या बारीक, चकाकणाऱ्या काड्या दिसतात. नववीतल्या एका मुलीने विचारले, “हा दगड ज्या रसाचा झाला, तो रस कशाचा झाला?”

प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थरात, बुडालेला जुना समुद्रतळ ज्वालामुखींतून पुन्हा वर येतो, ही कल्पना हॉफमन आणि व्हाइट यांनी १९८२ साली मांडल्याचे मी वाचले आहे. समस्थानिके म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू. त्यांपैकी रुबिडियम-८७ पासून स्ट्रॉन्शियम-८७ तयार होते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे ४,९६० कोटी वर्षे आहे. खंडांच्या खडकांत आणि त्यांच्यापासून झालेल्या गाळात रुबिडियम अधिक असल्यामुळे स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचे गुणोत्तर तेथे वाढत जाते, आणि खडक वितळला तरी ते बदलत नाही. इथपर्यंत समजते.

अडते ते पुढे. आमच्याच जिल्ह्यात उत्तरेला, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, पाणी खारट लागले म्हणून तो खार मुळातल्या पाण्याचा की वाटेतल्या मातीचा, हे चवीवरून सांगता येत नाही. मग शिलारसातले वाढीव गुणोत्तर मुळातल्या गाळाचे, की वर येताना लागलेल्या खंडीय कवचाचे, हे कसे ओळखतात? आणि हवेत तयार होऊन समुद्राच्या गाळात साठणारे बेरिलियम-१० गाळाची खूण म्हणून आपल्या दगडात शोधता येईल का?

प्रतिसाद :
सर, शंका रास्त आहे, आणि दख्खनच्या काही थरांत वाटेतल्या मातीचा, म्हणजे खंडीय कवचाचा, वाटा मोठा आहे. सह्याद्रीतील आंबेनळी गटाच्या थरांत हे गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास आहे, तर बुशे गटात ते ०.७१३ च्याही वर जाते, कारण बुशेच्या रसात जुन्या खंडीय कवचाचा अंश बराच मिसळला. एका तुकड्याच्या एका आकड्यावरून मुळाविषयी बोलता येत नाही, ते यामुळेच.

म्हणून अभ्यासक जेथे खाली खंडच नाही अशा महासागरी बेटांकडे वळतात. प्रशांत महासागरातील सामोआच्या समुद्रतळावरील लाव्हात ०.७२०५ पर्यंतचे गुणोत्तर मिळाल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. तेथे ते खंडावरून वाहून आलेल्या, बुडालेल्या गाळाकडे बोट दाखवते. मला त्याहून पटणारा पुरावा त्याच महासागरातील मंगाया बेटाचा वाटतो. तेथील ऑलिव्हिनच्या दाण्यांत अडकलेल्या सल्फाइडच्या कणांत गंधकाच्या समस्थानिकांची जी विसंगती २०१३ साली नोंदवली गेली, ती हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता तेव्हाच, म्हणजे सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत, पृष्ठभागावर निर्माण होत असे; म्हणजे ते गंधक तेव्हा पृष्ठभागावर होते आणि नंतर बुडाले. शिवाय कण स्फटिकात बंद असल्यामुळे नंतरच्या झिजेचा संशय कमी राहतो.

बेरिलियमचा मात्र आपल्याकडे उपयोग नाही. त्याचे अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षे आहे आणि दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे मधे सत्तेचाळीस अर्धायुष्ये उलटली. त्याची खूण अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांसारख्या जागत्या ज्वालामुखींत सापडते, कारण तेथे गाळ बुडून वर यायला फार काळ लागत नाही.

धागाकर्ता :
आभारी आहे. सत्तेचाळीस वेळा निम्मे करणे उद्या फळ्यावर घेतो. एक शंका उरते : आंबेनळीचे ०.७०४ तरी निखळ मुळाचे मानावे का?

प्रतिसाद :
सर्वांत कमी भेसळीचे मानतात, पण एकट्या स्ट्रॉन्शियमवर विसंबत नाहीत. त्याच नमुन्यावर निओडिमियम आणि शिशाची गुणोत्तरेही मोजतात, आणि तिन्ही एकाच दिशेने बोलली तरच मुळाविषयी विधान करतात.