आधी पान बिघडवा, मग बघू: तुमची चिकटवही कशी भरते?

‘मला चित्र काढता येत नाही’ म्हणणारी माणसं इथे जास्त हवी आहेत. रंग, कात्रणं, चिंध्या, दोरा, शिक्के, हाताला लागेल ते पानावर चढवायचं, एवढंच. वही कुणाला दाखवायची सक्ती नाही आणि रोज करायची तर अजिबातच नाही. तुम्ही काय करता, कुठे अडता, ते लिहा. सुरुवात मीच करते.

कोरं पान समोर आलं की माझा हात आखडतो. म्हणून ब्रशवर उरलेला रंग मी पुढच्या कुठल्यातरी पानावर पुसून टाकते. कधी जुन्या प्लास्टिक कार्डाने ॲक्रिलिक रंगाचा थेंब ओढते. नंतर बसायची लहर येते तेव्हा पान कोरं नसतंच. एखाद्या डागाला चोच काढली की झाला पक्षी. ॲक्रिलिकची एक खोड लक्षात ठेवा: वाळल्यावरही त्याचा थर जरासा चिकट राहतो आणि वही मिटली की समोरासमोरची पानं एकमेकांना धरून बसतात. मध्ये बटर पेपर घालायचा.

*

मी वही विकत आणतच नाही. नवी, सुंदर वही आणली की ती सुंदरच ठेवावीशी वाटते आणि मग कपाटात पडून राहते! कालबाह्य झालेलं एक जाडजूड कॉम्प्युटर गाइड घेतलंय. ते फाडताना कुणाच्या जिवाला लागत नाही. दर दोन-तीन पानांनंतर एक पान कापायचं, पण बांधणीपाशी बोटभर पट्टी सोडायची. नाहीतर कात्रणं चढत जातात तसं पुस्तक आ वासायला लागतं. उरलेली पानं जोडीजोडीने चिकटवली की जाडी येते. वरून जेसोचा पातळ हात. जेसो म्हणजे खडूसारखी पूड घातलेलं पांढरं अस्तर. त्यातून खालची छापील अक्षरं अर्धवट डोकावतात, त्यांच्यामुळेच अर्धं पान सजतं. पातळ पानाला ओला डिंक लावू नका, कागद पाणी पितो, फुगतो आणि सुरकुततो. तिथे ग्लू स्टिकच बरी. जलरंग मनसोक्त ओतायचे असतील तर मात्र ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) कागद घ्या. प्रिंटरचा साधा कागद ७०-८० जीएसएमचा असतो, तो कितीसा तग धरणार?

*

ताई, गाइडची कल्पना ढापली.

माझा खेळ पारदर्शक चिकटपट्टीचा. लेझर प्रिंट किंवा फोटोकॉपी घ्यायची, चित्रावर रुंद पट्टी लावायची आणि चमच्याच्या पाठीने घासघासून बसवायची. मग पाण्यात बुडवायची आणि मागचा कागद बोटाने चोळून काढायचा. कागदाच्या वळ्या निघत जातात आणि काळी शाई पट्टीवर राहते, कारण टोनर, म्हणजे लेझर प्रिंटची पूड, हे प्लास्टिक असतं. इंकजेट प्रिंटवर हा प्रयोग नको, ती शाई बहुधा पाण्यात वाहून जाते. वाळल्यावर पट्टी थोडी चिकट राहते, तशीच पानावर दाबा. चेहरा अर्धा उमटला, कान गायब झाला, तर मला तो जास्त आवडतो.

दुकानांच्या पावत्याही फेकू नका. त्या बहुतेक थर्मल कागदाच्या असतात, मागे गरम इस्त्री फिरवली की काळ्या पडतात. मात्र छपाई पुढे फिकी होत जाते, आठवण जपायची असेल तर आधी फोटो काढा.

*

मला थोडं कुरकुरायचंय. ‘दडपणाशिवाय करा’ म्हणायचं आणि सोबत जे फोटो दिसतात त्यात बावीस शिक्के, चाळीस वॉशी टेप (नक्षीदार कागदी चिकटपट्ट्या)! एवढं सामान बघूनच दडपण येतं. मी बिस्किटाच्या डब्यात मावेल तेवढंच ठेवतो. नवीन काही आलं की जुनं काही वापरून संपवायचं. जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्सने १९१९ पासून ट्रामची तिकिटं, वेष्टनं, फाटके कागद यांतून कोलाज केले. रद्दीचा अपमान करू नका.

*

माझी बोटं आता कात्रीला साथ देत नाहीत, म्हणून मी फाडते. कागदाला धाटणी असते: एका दिशेने तो सरळ फाटतो, आडवा फाडला की वाकडातिकडा जातो. आधी कोपऱ्यात फाडून बघायचं आणि मग ठरवायचं, डोंगर हवेत की रस्ता. रंगीत छापील कागदाला तर एका तुकड्यावर पांढरी कडा सुटते, ती लाटेचा फेस म्हणून खपते. फ्रेंच चित्रकार मातीसनेही १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रंगवलेले कागद कापून चित्रं रचली, हे नातीने सांगितल्यापासून मी जरा ऐटीत फाडते.

नातीला एक विचारलं होतं, तिला सांगता आलं नाही, म्हणून इथे विचारते: मेणाच्या खडूवर जेल पेन उमटतच नाही. त्यावर लिहायला काय वापरता?

*

आजी, मेणावर लिहूच नका, खरवडा. खाली उजळ रंग, वर काळा मेणखडू जोर देऊन, आणि शाई संपलेल्या पेनाने अक्षरं काढा.