कवटीची बटणे असलेला लान्सर कोट: रेजिमेंट कशी ओळखावी?

प्रश्न

बर्मिंगहॅमजवळच्या एका लिलावात मी घोडदळातील अधिकाऱ्याचा एक जुना कोट घेतला. गडद निळी बनात, छातीवर तांबड्या बनातीचा रुंद पट, शिवणींवर तांबडा गोट आणि दोन्ही खांद्यांवर सोनेरी गोफ असून प्रत्येक गोफावर दोन तारे आहेत. बटणांवर कवटी व आडवी हाडे असल्यामुळे विक्रेत्याने तो 17 व्या लान्सर्सचा, म्हणजे ब्रिटिश भालाधारी घोडदळाच्या एका रेजिमेंटचा ठरवला. त्याच पेटीत हत्तीचे चित्र आणि खाली इंग्रजीत ‘असाये’ अशी अक्षरे असलेला एक पितळी बिल्लाही निघाला. या दोन्ही वस्तू एकाच रेजिमेंटच्या मानाव्यात का?

प्रतिसाद १

बटणे 17 व्या लान्सर्सची आहेत यात शंका नाही, परंतु कोट त्यांचा नसावा. ही रेजिमेंट 1759 मध्ये जॉन हेल यांनी उभारली. क्विबेकच्या लढाईत ब्रिटिश सेनापती वुल्फ पडल्याची बातमी इंग्लंडला आणणारे अधिकारी तेच होते, आणि कवटीसह ‘मृत्यू किंवा कीर्ती’ हे बोधवाक्य वुल्फच्याच स्मरणार्थ घेतले गेले. मात्र या रेजिमेंटच्या निळ्या कोटावरील पट पांढरा असे. 21 व्या लान्सर्सचा पट फिकट करडा-निळसर होता, आणि 16 व्या लान्सर्सचा तर कोटच तांबडा व पट निळा असल्यामुळे ते दुरूनही ओळखू येत. निळ्यावर तांबडा पट 5 व्या, 9 व्या आणि 12 व्या अशा तीन लान्सर रेजिमेंट्सचा होता, तेव्हा शोध या तिघींपुरता ठेवावा. सोबत चौकोनी माथ्याची टोपी मिळाली असती तर प्रश्न लगेच सुटला असता, कारण 5 व्याचा तुरा हिरवा, 9 व्याचा काळा-पांढरा आणि 12 व्याचा तांबडा असे.

काळाचा अंदाज खांद्यांवरून बांधता येतो. 1880 पर्यंत अधिकाऱ्याचे पद कॉलरवर दाखवले जाई, त्यानंतर ते खांद्यावरील गोफावर आले. म्हणून आपला कोट 1880 नंतरचा आहे. दोन ताऱ्यांचा अर्थ मात्र 1902 मध्ये बदलला: त्यापूर्वी ते कॅप्टनचे चिन्ह होते, त्यानंतर लेफ्टनंटचे झाले.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे. क्रिमियन युद्धात बालाक्लावा येथे 1854 मध्ये केलेल्या हल्ल्यामुळे 17 व्या लान्सर्सच्या वस्तूंना संग्राहकांत फार मागणी असते, आणि साध्या कोटाला त्यांची बटणे लावणे हा किंमत वाढवण्याचा सोपा मार्ग आहे. बटण पाच मिनिटांत बदलते, पण छातीचा पट बदलायचा तर सगळा कोट उसवावा लागतो. म्हणून दोघांत विरोध दिसला तर मी नेहमी कापडाचे ऐकतो.

एक बटण हलकेच उचलून त्याखालची बनात पाहा. मूळ बटणाखाली कापडाचा रंग टिकून राहतो आणि त्याच्या कडेचा दाब गोल उमटतो. तो गोल आताच्या बटणापेक्षा लहान किंवा मोठा असेल तर बदल झाला आहे, हे निश्चित समजावे. टाक्यांचा दोरा अतिनील दिव्याखाली पाहावा, कारण अलीकडचे अनेक दोरे त्यात चमकतात. बटणाच्या पाठीवर फर्मिन, जेनेन्स, गॉन्ट अशा कारखानदारांची नावे व कधी पत्ताही असतो. कारखान्याने जागा बदलली की पत्ता बदले, त्यावरून बटणाचा काळ कळतो. कोटाचा आतला खिसाही अवश्य पाहा. तिथे शिंप्याच्या चिठ्ठीवर बहुधा अधिकाऱ्याचे नाव व वर्ष शाईने लिहिलेले असते.

प्रतिसाद ३

हत्तीविषयी लिहितो, कारण असई (इंग्रजीत ‘असाये’) हे गाव आमच्या जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात आहे. केळणा आणि जुई या नद्यांच्या परिसरात 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे व भोसले यांच्या फौजांशी ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्ली लढला. त्या लढाईचा मान म्हणून हत्ती आणि ‘असाये’ हे शब्द 19 व्या लाइट ड्रॅगून्स या घोडदळ रेजिमेंटला, तसेच 74 व्या व 78 व्या पायदळ रेजिमेंट्सना मिळाले. ती ड्रॅगून रेजिमेंट 1821 मध्ये मोडली, आणि तिचा मान पुढे 19 व्या हुसार्स या हलक्या घोडदळाच्या रेजिमेंटकडे आला. नुसत्या हत्तीवरून बिल्ला घोडदळाचा ठरत नाही. हायलँड लाइट इन्फन्ट्री या पायदळ रेजिमेंटच्या टोपीवरही हाच हत्ती असे, पण तिथे त्याच्यासोबत तारा आणि शिंग दिसते. आपला बिल्ला रेजिमेंटचे नाव दिलेल्या छायाचित्रांशी ताडून पाहावा. कोटाशी मात्र त्याचा संबंध दिसत नाही, कारण हुसार्सच्या कोटावर छातीपट नसून आडव्या गोफांच्या ओळी असत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज दोन बटणे उचलून पाहिली. खालचा गोल कवटीच्या बटणापेक्षा स्पष्टपणे मोठा आहे. आतल्या खिशात चिठ्ठीही सापडली. नाव बरेच पुसले आहे, पण 1894 हे वर्ष नीट वाचता येते. म्हणजे हे दोन तारे कॅप्टनचे. आता त्या वर्षाच्या सैन्यसूचीत 5 व्या, 9 व्या आणि 12 व्या लान्सर्सच्या कॅप्टनांची नावे काढून, चिठ्ठीवरील उरलेल्या अक्षरांशी ताडून पाहणार आहे.