गावातील तरुणांपर्यंत मानसिक आरोग्य सेवेची माहिती मोबाईलवरून कशी पोहोचवावी?

प्रश्न (वाचनालय कार्यकर्ता, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ):
आमच्या वाचनालयाचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि इन्स्टाग्राम खाते मी सांभाळतो. गेल्या पंधरवड्यात आम्ही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकाची पोस्ट तीनदा टाकली. दीडशेहून अधिक जणांनी ती पाहिली. पण एकानेही लाईक केली नाही, की पुढे पाठवली नाही. त्याच ग्रुपवर कापसाचा भाव टाकला की अर्ध्या तासात चर्चा रंगते. गरज नाही असे म्हणवत नाही, कारण पोलीस भरतीत दुसऱ्यांदा अपयश आल्यावर महिनाभर अभ्यासिकेकडे न फिरकलेली मुले मला माहीत आहेत. आमचे कुठे चुकते आहे?

उत्तर (आशा कार्यकर्त्यांच्या गटप्रवर्तक, नेर तालुका):
पोस्ट चुकलेली नाही, तुम्ही लावलेले माप चुकले आहे. ज्या ग्रुपमध्ये मुलाचा काका आहे, मास्तर आहेत आणि सोयरीक जुळवणारेही आहेत, तिथे अशा पोस्टवर अंगठा उमटवणे म्हणजे स्वतःबद्दल चारचौघांत सांगण्यासारखेच आहे. आमच्या आशाताईंकडे अकरावीतील एक मुलगी आली होती. परीक्षेच्या हॉल तिकिटाच्या फोटोशेजारी तिने हाच क्रमांक स्क्रीनशॉट काढून तीन महिने जपून ठेवला होता. तिचे प्रश्न साधे होते: पैसे पडतात का, मराठीत बोलतात का, आणि भावाने कॉल यादी पाहिली तर काय सांगू? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पोस्टमध्येच हवी होती. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि सुरुवातीलाच भाषा निवडता येते. तिसऱ्या प्रश्नावर आशाताईंनी आपलाच फोन तिच्या हाती दिला.

उत्तर (समुपदेशक, अमरावती):
डोके धरून अंधारात बसलेल्या मुलाचे चित्र वापरले असल्यास ते कृपया काढावे, आणि दोर, विहीर किंवा औषधाची बाटली तर कधीच दाखवू नये. आत्महत्येचा मार्ग आणि जागा यांचे वर्णन टाळावे, असे जागतिक आरोग्य संघटनाही प्रसारमाध्यमांना सांगते. ‘नैराश्य’ हा शब्द मुले स्वतःला लावून घेत नाहीत. ‘रात्री झोप लागत नाही, जीव घाबरा होतो, पुस्तक उघडले तरी मन लागत नाही’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला ते आपलेच वाटते. पालकांसाठीही एक वेगळी पोस्ट करावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करता येत नाही, अपवाद केवळ तसे नव्हते हे सिद्ध झाल्याचा. पोलिसांच्या भीतीने घरचे लोक हे झाकून ठेवतात आणि उपचार राहून जातात, हे मी वारंवार पाहिले आहे.

शिवाय तुम्हाला रात्री मेसेज येतील, त्याची तयारी आधी ठेवावी. खाते सांभाळणाऱ्याने स्वतः समुपदेशक होऊ नये. आपुलकीने उत्तर द्यावे, १४४१६ सांगावा आणि जिवाला धोका वाटला तर घरच्या विश्वासू माणसाला तात्काळ जागे करावे.

मूळ प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचा आभारी आहे. चित्र आजच काढले. फोन लावल्यावर पलीकडून काय विचारतात, हे आमच्या वऱ्हाडीत सांगणारी एक मिनिटाची ध्वनिफीत करणार आहोत आणि ग्रुपऐवजी ती स्टेटसवर ठेवणार आहोत. वाचनालयाचा साधा मोबाईल अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत ठेवायचेही ठरले आहे. खोलीचे दार लोटून घेता येईल, आतली कडी मात्र काढून टाकली आहे.