मदत हवी आहे: बर्फात गाडी घसरली, आता स्टिअरिंग धरायची भीती वाटतेय (किचनर, ओंटारियो, कॅनडा)

नमस्कार मंडळी, मी किचनरला राहते, ऑक्टोबरमध्ये जी२ लायसन्स (इथलं दुसऱ्या टप्प्याचं, एकटीने गाडी चालवता येते ते) मिळालं आणि हा माझा गाडी चालवायचा पहिलाच हिवाळा आहे. आधी साताऱ्यात ११ वर्षं फक्त ॲक्टिव्हा. आता सेकंडहँड कोरोला आहे, ऑटोमॅटिक, टायर ऑल सीझन, गाडीबरोबर आले तेच.

परवा सकाळी साडेसहाला लेकीला डेकेअरला सोडायला निघाले, तापमान उणे २, बर्फ पडत नव्हता, रस्ता नुसता ओला काळा दिसत होता म्हणून मी नेहमीसारखीच ५०ने चालले होते, पुढे उतारावर स्टॉप साइन आला म्हणून ब्रेक दाबला तर पायाखाली पेडल थडथड उडायला लागलं, खालून खरखर आवाज, आणि गाडी काही थांबेना. मला वाटलं ब्रेकच गेला, घाबरून पाय काढला आणि गाडी सरळ चौकाच्या मधोमध. देवाची कृपा म्हणून आडवं कुणी आलं नाही. आरशात बघितलं तर लेक काही न बोलता माझ्याकडेच बघत होती, चार वर्षांची आहे, ते डोळे डोक्यातून जात नाहीयेत.

दोन दिवस नवरा सोडतोय पण सोमवारपासून त्याची नाइट शिफ्ट, म्हणजे डेकेअर आणि मग ४०१ हायवेने केंब्रिजला कामावर जाणं, दोन्ही माझ्याकडे. तर ब्रेक दाबून धरायचा की सोडत सोडत मारायचा? हे न दिसणारं बर्फ ओळखायचं कसं? विंटर टायर घ्यावेच लागतील का? आणि ४०१ टाळून आतल्या रस्त्याने गेलं तर बरं का? प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, आधी हे मनातून काढा की ब्रेक गेला होता. ते एबीएस (अँटी-लॉक ब्रेक) होतं. चाकं लॉक होऊ नयेत म्हणून ते स्वतःच सेकंदाला अनेक वेळा ब्रेक धरतं-सोडतं, तीच ती थडथड. त्या वेळी पाय काढायचा नाही, पेडल जोरात दाबून तसंच धरून ठेवायचं आणि जिकडे जायचंय तिकडे स्टिअरिंग वळवायचं, गाडी वळते. सोडत सोडत मारायचं ते एबीएस नसलेल्या जुन्या गाड्यांना. रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये जा, २०च्या स्पीडला मुद्दाम ब्रेक दाबा, दहा वेळा करा, पायाला ओळख झाली की घाबरायला होत नाही. मागचं टोक बाजूला सरकलं तर ॲक्सिलरेटर सोडायचा, ब्रेक नको, आणि नजर जिथे जायचंय तिकडे. टू-व्हीलरवर खड्ड्याकडे बघितलं की खड्ड्यातच जातो ना, तसंच.

प्रतिसाद:
टायर घ्याच, चारही घ्या, दोनच पुढे लावले तर मागची बाजू सुटते. ओंटारियोत सक्ती नाही (शेजारच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च आहे) पण ७ डिग्रीच्या खाली ऑल सीझनचं रबर कडक व्हायला लागतं, मग बर्फ असो नसो पकड कमीच. डोंगर आणि त्यात हिमकण असं विंटर टायरचं चिन्ह टायरच्या बाजूला बघून घ्या. आणि लावल्यावर इन्शुरन्सवाल्यांना कळवा, २०१६पासून इथे त्यांना सूट द्यावीच लागते.
ब्लॅक आइसचं, म्हणजे त्या न दिसणाऱ्या बर्फाचं म्हणाल तर शून्याच्या आसपास सगळ्यात जपा. रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या गाडीच्या चाकांमागून पाण्याचा फवारा उडत नाहीये, म्हणजे ते पाणी नाहीच, बर्फ आहे. पूल आणि ओव्हरपास आधी गोठतात कारण त्यांना खालूनही वारा लागतो. उणे १२च्या खाली रस्त्यावर नुसतं मीठ टाकून फारसं वितळतही नाही. क्रूझ कंट्रोल (गाडी आपोआप एकाच स्पीडला ठेवणारं) बंद.

प्रतिसाद:
४०१ला एवढं घाबरू नका, मीठ आणि प्लाऊ (बर्फ बाजूला सारणारे ट्रक) तिथे आधी पोचतात, गल्लीबोळ नंतर. तुमची गाडी घसरली तीसुद्धा आतल्याच रस्त्यावर ना? जपायचं ते रॅम्पवर, हायवेवरून उतरताना स्पीड आधीच सरळ रस्त्यावर कमी करा, वळणात ब्रेक नको. निळे दिवे लावलेला प्लाऊ पुढे असेल तर मागेच राहा, त्याला ओलांडू नका. निघायच्या आधी ओंटारियो ५११ ही सरकारी वेबसाइट बघा, रस्त्यांची स्थिती कळते. आणि छतावरचं बर्फ पूर्ण झाडा ताई, ब्रेक मारला की तेच सरकून पुढच्या काचेवर येतं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज मॉलच्या मागच्या लॉटमध्ये नवऱ्याला शेजारी बसवून केलं, पहिल्या दोन वेळा पाय आपोआप उचलला गेला, तिसऱ्यांदा धरून ठेवला आणि गाडी थडथडत पण सरळ थांबली. तेव्हा रडूच आलं. टायरची अपॉइंटमेंट गुरुवारची मिळालीय. तोवर सोमवार ते बुधवार अर्धा तास उशिरा येईन असं सुपरवायझरला सांगून ठेवलंय. आता एकच, गुरुवारी टायर बसवल्यावर काही किलोमीटरनी नट परत टाइट करून घ्यायचे असं कुणीतरी म्हणालं, ते किती किलोमीटरनी?

प्रतिसाद:
हो, १००च्या आसपास. जिथे बसवाल तिथेच करून देतात.