नुकसान सर्वांचे असेल, तर दाद कोणी मागायची?

मांडवीकाठ (धाग्याचे लेखक)

काल येथे एका सदस्याने लिहिले, की ज्या संस्थेची एक चौरस मीटर जमीनही गेलेली नाही, तिला न्यायालयात याचिका दाखल करण्याचा अधिकारच असू नये. ज्याचे नुकसान झाले आहे तो स्वतः येईल. हे वाचून मला संताप आला, कारण असा एकटा माणूस पुष्कळदा दाखवताच येत नाही. गोव्यातील लोहखनिजाचेच पाहा. खाणपट्ट्यांची, म्हणजे ठरावीक जमिनीत खाणकाम करण्याच्या हक्कांची, मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली होती, तरीही २०१२ पर्यंत उत्खनन चालू राहिले; गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी ते बेकायदेशीर ठरवले. त्या काळात बाहेर गेलेल्या खनिजात प्रत्येक गोवेकराचे नुकसान इतके थोडे, की त्यासाठी दिल्लीत वकील उभा करणे कोणालाही परवडणार नव्हते. खाणमालकाचा लाभ मात्र इतका मोठा, की त्याचे वकील प्रत्येक तारखेला हजर असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी हाच धोका ओळखला होता: हानी सार्वजनिक आहे म्हणून कोणालाच दाद मागता येत नसेल, तर कायदा मोडणाऱ्याला अडवणारे कोणी उरत नाही.

डिचोलीकर

ते विधान माझे आहे आणि मी त्यावर ठाम आहे. माझ्या भावाने कर्ज काढून ट्रक घेतला होता. खाणी बंद झाल्या, हप्ते थकले, ट्रक अंगणात गंजला आणि आईचे दागिने गहाण पडले. न्यायालयात सरकार होते, कंपन्या होत्या, संस्था होती. माझ्या भावाच्या वतीने कोण उभे होते? आमदार चुकला तर पाच वर्षांनी त्याला घरी बसवता येते. संस्थेचे पदाधिकारी चुकले, तर त्यांना जाब कोणी विचारायचा?

सांग्याचा शेतकरी

भाऊ, तुमच्या घरचे दुःख मी नाकारत नाही, पण नुकसान झालेला माणूस स्वतः येईल हे तुमचे वाक्य मला सहन होत नाही, कारण तो माणूस मी आहे. पहिल्या पावसाबरोबर खाणीचा लाल गाळ आमच्या भातशेतीत उतरत असे, आणि खड्ड्यातील पाणी उपसायला लागल्यापासून आमची विहीर मार्च महिन्यातच आटू लागली. मी न्यायालयात गेलो नाही. माझा चुलतभाऊ त्याच खाणीवर कामाला होता, गावातील निम्म्या घरांपुढे ट्रक उभे होते, आणि त्या गावात राहून याचिकेवर स्वतःचे नाव घालण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. बाहेरच्या संस्थेला हे जमते, कारण तिला रोज संध्याकाळी त्याच तिठ्यावर उभे राहायचे नसते.

डिचोलीकर

तुमच्या शेताची भरपाई तुम्हाला मिळायलाच हवी होती. त्यासाठी तालुक्यातील प्रत्येक चूल विझवण्याची गरज नव्हती! मार्च २०१८ मध्ये दुसऱ्यांदा खाणी बंद झाल्या, तेव्हा पणजीत बसून आनंद व्यक्त करणाऱ्यांपैकी कितीजण आमच्या गावात आले होते?

एक वकील

दोन वेगळे प्रश्न येथे एकत्र झाले आहेत. दाद मागण्याचा अधिकार मिळाला म्हणजे खटला जिंकला, असे होत नाही. नर्मदा बचाओ आंदोलनाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऐकली, पण २००० मध्ये बहुमताने निकाल धरणाच्या बाजूने दिला आणि याचिका उशिरा आल्याचेही नोंदवले. उलट ७ फेब्रुवारी २०१८ रोजी गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले, ते याचिका संस्थेची होती म्हणून नव्हे, तर सरकारने नवे पट्टे देण्याऐवजी जुन्यांचेच नूतनीकरण केले म्हणून. डिचोलीकरांचा राग त्या सरकारवर असायला हवा. पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात तर 'बाधित व्यक्ती'मध्ये प्रातिनिधिक संस्थेचा समावेश संसदेनेच केला आहे. त्यामुळे ही केवळ न्यायाधीशांची कल्पना आहे, असेही म्हणता येणार नाही.

मुंबईचा भाडेकरू

वकीलसाहेब, कायदा पुस्तकात चांगला दिसतो. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाविरुद्ध एका संस्थेने जनहित याचिका दाखल केली, काम अडले, आणि एके दिवशी काहीही कारण न देता ती मागे घेतली गेली. मधल्या काळात आम्ही संक्रमण शिबिरात कुजत होतो. बिल्डरशी काय बोलणे झाले, हे आम्हाला कधीच कळले नाही. अशा संस्थांना मोकळीक देण्याआधी आमच्यासारख्यांकडे पाहा.

एक वकील

असे घडते, हे मला मान्य करावेच लागेल. म्हणूनच २०१० मध्ये बलवंतसिंह चौफाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचिकाकर्त्याची विश्वासार्हता आधी तपासण्यास सांगितले आणि उच्च न्यायालयांना त्यासाठी नियम करायला लावले. त्याआधी, १९८८ मध्ये, तुरुंगांतील मुलांविषयीची आपली याचिका पत्रकार शीला बारसे यांना मागे घ्यायची होती, तेव्हा न्यायालयाने त्यांना बाजूला होऊ दिले, पण प्रकरण पुढे चालूच ठेवले. जनहित याचिका ही दाखल करणाऱ्याची खासगी मालमत्ता नसते. तुमच्या प्रकरणात ती मागे घेण्याची परवानगी सहज दिली गेली असेल, तर दोष तेथे आहे. पण त्यावरून संस्थांना दारच बंद करावे, हे मला पटत नाही.

डिचोलीकर

सांग्याचे शेतकरी न्यायालयात का गेले नाहीत, याला माझ्याकडे उत्तर नाही, एवढे मी मान्य करतो. संस्थेला येऊ द्या. पण याचिका दाखल झाली की तिची सूचना संबंधित गावांच्या ग्रामसभांमध्ये लागली पाहिजे, म्हणजे ट्रकवाल्याला आणि खाणकामगारालाही वेळेत हस्तक्षेप अर्ज करून खटल्यात आपली बाजू मांडता येईल. आम्हाला बंदीची बातमी वर्तमानपत्रातून कळली.

मांडवीकाठ

सूचनेची अट मला मान्य आहे. ती आधीच असायला हवी होती. परंतु ग्रामसभेने नको म्हटले की याचिका थांबावी, असे तुमच्या मनात असेल, तर ते मी कधीही मान्य करणार नाही. मुदत संपलेला खाणपट्टा ग्रामसभेच्या ठरावाने जिवंत होत नाही.

डिचोलीकर

तसे मी लिहिलेले नाही. सूचना एवढेच लिहिले आहे, ते पुन्हा वाचावे.