चॅटविन कुठून वाचावा?

ब्रूस चॅटविन या इंग्रज लेखकाचं 'साँगलाइन्स' (१९८७) प्रवासवर्णन म्हणून वाचावं की कादंबरी म्हणून? कादंबरी म्हणूनच. चॅटविनने स्वतः ते पुस्तक प्रवासवर्णनाच्या पुरस्काराच्या यादीतून काढायला लावलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींबद्दलची माहिती त्यातून उचलायला जाल तर फसाल.

सुरुवात 'इन पॅटागोनिया'पासून (१९७७) करा; पॅटागोनिया म्हणजे दक्षिण अमेरिकेचा दक्षिणेकडचा भाग. ९७ तुकडे, काही तर पानभरही नाहीत. धागा एकच: चॅटविनच्या आजीच्या काचेच्या कपाटातला लालसर केसांचा कातड्याचा तुकडा. घरात तो ब्रॉन्टोसॉरस या डायनोसॉरचा समजत. होता मायलोडॉनचा, म्हणजे नामशेष झालेल्या राक्षसी स्लॉथचा (स्लॉथ हा अतिशय संथ चालीचा सस्तन प्राणी). आजीच्या नात्यातल्या चार्ली मिलवर्ड या खलाशाने तो पाठवला होता, चिलीत पुएर्तो नातालेसजवळच्या गुहेतून. नकाशा घेऊन मार्ग जुळवत बसलात की पुस्तक हातातून निसटतं; दोन मुक्कामांमधलं अंतर चॅटविन बिनदिक्कत गाळतो. वाक्यं मात्र आखूड, वस्तूवर नजर रोखलेली. सदबीजच्या लिलावघरात काढलेल्या वर्षांचा हा परिणाम असावा.

मग 'ऑन द ब्लॅक हिल' (१९८२): वेल्सच्या सीमेवर एकाच शेतात जन्म काढणारे जुळे भाऊ. जन्मभर भटक्यांवर लिहिणाऱ्याची ही कादंबरी, गंमतच आहे!