गायतोंडेंचं चित्र आठवीच्या पोरांना कसं समजावू?

यावलचा चित्रकला शिक्षक: चित्रकार वासुदेव गायतोंडेंचं चित्र मोबाइलवर दाखवलं. एक पोरगी म्हणाली, "सर, यात काहीच नाही." तिला काय सांगू?

भुसावळकर पेंटर: भाऊ, मोबाइल ठेवा बाजूला. मी पस्तीस वर्षं रोलरनंच भिंती रंगवल्या. गायतोंडेही रोलर आणि पॅलेट नाइफ (रंगाची चपटी सुरी) वापरायचे. थर चढवायचा, खरवडायचा, कागद दाबून उचलायचा. मग खालचा रंग उजेडासारखा वर झिरपतो. पावसाळ्यानंतर चुन्याचे पापुद्रे सुटून आतला निळा रंग दिसतो ना, तशी भिंत दाखवा. हात फिरवू द्या पोरांना! मला तर ही चित्रं तिथंच उमगली.

तापीकाठ: गायतोंडेंना 'अमूर्त' (ओळखीचा आकार नसलेलं चित्र) हा शब्द पटत नसे, तो शिकवू नका. १९४८ला मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतून बाहेर पडले, १९६४ला न्यूयॉर्कला गेले, तरी वर्षाकाठी चित्रं मोजकीच. १९८४च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास सुटले, तेव्हा कागदावर शाईनं छोटी चित्रं केली. हे पोरांना जरूर सांगा.

यावलचा चित्रकला शिक्षक: शाळेमागं केळीच्या गोदामाची अगदी तशीच भिंत आहे. उद्या पहिल्या तासालाच नेतो.